वायमॅक्स की एलटीई?

घरात व्हीसीआर घ्यायचा तर व्हीएचएस घ्यावा की बीटामॅक्स, या पेचात एके काळी अनेक कुटुंबे पडली होती. बीटामॅक्सचे चित्र सरस, असे जाणकार सांगत. पण बाजार जिंकला तो व्हीएचएसने, आणि बीटामॅक्सवाल्यांना कॅसेट मिळेनाशा झाल्या. बिनतारी इंटरनेटच्या बाबतीत अशीच चुरस बंगळूरने पाहिली.

2008 मध्ये टाटा कम्युनिकेशन्सने वायमॅक्स पद्धतीचे जाळे अनेक शहरांत नेण्याचे जाहीर केले. घरगुती ग्राहकांना त्याचा लाभ आधी मिळाला तो बंगळूरमध्ये. टेलिफोनच्या तारेची वाट न पाहता, घरात छोटे यंत्र बसवले की संगणकावर इंटरनेट हजर! वायमॅक्सच्या पाठीशी इंटेलसारखी संगणक क्षेत्रातील बडी कंपनी होती. मोबाइल कंपन्यांचा कल मात्र एलटीईकडे होता.

गंमत अशी, की दोन्हींचे मूळ तंत्र बरेचसे सारखेच. माहितीचा प्रवाह अनेक बारीक लहरींवर वाटून पाठवायचा. मग फरक कुठे पडला? एलटीई ही जीएसएमच्याच घराण्यातली. ज्या कंपन्यांकडे जीएसएमचे ग्राहक होते, त्यांना जुन्या जाळ्याशी सांधा जुळवत पुढे जाता येत होते. वायमॅक्ससाठी त्यांना वेगळा संसार मांडावा लागला असता.

जून 2010 मध्ये सरकारने ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव पूर्ण केला. त्यातून सुमारे 38,500 कोटी रुपये मिळाले. पद्धत कोणती वापरायची, हे कंपन्यांवर सोपवले होते. या लहरी वायमॅक्सला सोयीच्या होत्या. पण त्यांवरच चालणारा टीडी-एलटीई हा प्रकार चायना मोबाइलसारख्या बलाढ्य कंपनीने उचलून धरला आणि पारडे फिरले. एअरटेलने एप्रिल 2012 मध्ये कोलकात्यात व मे महिन्यात बंगळूरमध्ये एलटीई सुरू केले. 2016 मध्ये आलेले जिओही एलटीईवरच उभे राहिले. त्याच वर्षी अमेरिकेत स्प्रिंटने आपले वायमॅक्स जाळे बंद केले.

अशा लढाईत कंपनी पद्धत बदलून मोकळी होते. ग्राहकाच्या कपाटात मात्र निरुपयोगी यंत्र उरते. 2003 मध्ये 501 रुपये भरून रिलायन्सचा सीडीएमए फोन घेणाऱ्यांनाही हे पुढे कळले. कंपनी बदलायची तर नवा फोन घेणे आले, कारण जीएसएमचे सिमकार्ड त्यात चालत नसे.

म्हणून नवे यंत्र घेताना दुकानदाराला वेगाबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा : 'उद्या कंपनी बदलली, तर हे चालेल का?' उत्तर 'नाही' असेल, तर स्वस्त वाटणारी खरेदी महागात पडू शकते.