आपसातले बोलणे आणि कायद्याची मर्यादा

व्यापाऱ्याचे भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीत राहते, दुसरे लोकांच्या जिभेवर. या दुसऱ्या भांडवलास आपण पत म्हणतो. पूर्वी त्याविषयीचे बरेवाईट बोलणे पेढीच्या ओट्यावर होई आणि तेथेच विरून जाई. आज तेच बोलणे व्हॉट्‌सॲपच्या गटात होते, अक्षररूपाने उरते आणि क्षणात शंभर घरी पोहोचते. साकेत नगरातील आपल्या सभासदांच्या घरोघरी असे दोन-चार गट आहेतच. यास्तव अशा खासगी संदेशांवर कायद्याची सत्ता कोठवर चालते, याचा विचार आपण करावयास हवा.

या बाबतीत दोन समजुती आढळतात. न आवडलेल्या प्रत्येक संदेशाबद्दल पोलिसांत जाता येते, ही एक; आणि खासगी गटात काहीही लिहिले तरी कायद्यास त्याचे सोयरसुतक नाही, ही दुसरी. आमच्या मते दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिल्या समजुतीस काही काळ कायद्याचाच आधार होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ २००९ साली अमलात आले. केवळ त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठविलेल्या ई-पत्रालाही त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीस अटक झाली. तिच्या मजकुरास पसंती दर्शविणाऱ्या मैत्रिणीसही तेच भोगावे लागले. अखेर श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. एखाद्या गोष्टीची चर्चा करणे, तिचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे यांत न्यायालयाने भेद केला. पहिल्या दोहोंना घटनेचे संरक्षण आहे. निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी उत्पन्न होतो.

हाच विचार कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्रकरणात पुढे गेला. पालक व शिक्षक यांच्या व्हॉट्‌सॲप गटात असलेल्या एका प्राध्यापकाने कलम ३७० रद्द केल्यावर टीका करणारा मजकूर आपल्या स्टेटसवर ठेवला. त्याजवर गुन्हा नोंदविण्यात आला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शब्दांचा परिणाम दुर्बल मनाच्या माणसावरून न मोजता विवेकी व खंबीर मनाच्या माणसावरून मोजावा, ही कसोटी न्यायालयाने तेथे लावली. ती मूळची नागपूरची. तेथील तत्कालीन उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती १९४६ साली मांडली होती.

परंतु एवढ्यावरून दुसरी समजूत खरी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ अब्रुनुकसानीस दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगते. बदनामीचा मजकूर ज्याच्याविषयी आहे त्याच्याशिवाय अन्य एकासही कळविला, तर या कलमाचा संबंध येऊ शकतो. मग गट दहा जणांचा असो वा हजारांचा. व्यक्तीप्रमाणेच पेढी वा कंपनी यांच्या लौकिकासही हे संरक्षण आहे. मजकूर खरा होता एवढेच सांगणेही पुरेसे नाही. तो सार्वजनिक हितासाठी होता, हे दाखवावे लागते. 'अमुक पेढीचे दिवाळे निघाले' हे वाक्य पुढे ढकलण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो, पण त्याने वीस वर्षांची उधारी एका संध्याकाळी थांबू शकते.

तथापि कायदा व्यापाऱ्याचे तोंड बांधीत नाही. आपल्या वा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले कथन आणि समोरच्याच्या भल्यासाठी दिलेला सावधगिरीचा इशारा यांस अपवाद आहेत. थकबाकीदाराविषयी विचारणा झाल्यास, पडताळून पाहिलेली वस्तुस्थिती विचारणाऱ्यास एकट्यास सांगणे हा इशारा होय. तीच गोष्ट चिडून सर्व गटात पसरविणे वेगळे.

गट चालविणाऱ्यांच्या मनातील भीतीही येथे दूर व्हावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी असा निर्णय दिला की, समान हेतू वा पूर्वयोजना दिसत नसेल तर सभासदाच्या मजकुराबद्दल गटाचा चालक फौजदारी दायित्वास पात्र होत नाही. म्हणून भीतीपोटी गटातील सर्व चर्चा बंद करण्याचे कारण नाही.

आमची सूचना एवढीच की, आपल्या संस्थेने स्वतःच्या गटांसाठी तीन नियम करावेत. कोणाच्याही देण्याघेण्याविषयी गटात लिहू नये. तक्रार असल्यास ती कागदपत्रांसह कार्यकारिणीकडे द्यावी. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यास उत्तराची संधी आधी मिळावी. आणि संस्थेच्या कारभारावरील टीका, मग ती कितीही झोंबणारी असो, गटातून काढून टाकू नये किंवा पोलिसांकडे नेऊ नये. पहिल्या दोन नियमांनी सभासदाची पत राखली जाईल, तिसऱ्याने त्याचे स्वातंत्र्य. ज्या बाजारात खरे बोलण्याची भीती वाटते आणि खोटे बोलण्याची वाटत नाही, तेथे कोणाचीही पत फार काळ टिकत नाही, हे सुज्ञ सभासदांस सांगणे नलगे.