राजधानी पडल्यावर माणसे कशाच्या बळावर थांबली? (धागा)

कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आजकाल इतिहासाला फार मागणी आहे. अनिश्चित काळात सहकाऱ्यांचे मनोबल कसे टिकवावे, हे शिकवणारा प्रत्येक वक्ता शिवचरित्रातील दोन-चार प्रसंग हमखास सांगतो. त्यात गैर काही नाही. तरीही मला ही निवड अपुरी वाटते. शिवाजी महाराजांसारखा नेता समोर उभा असताना माणसे लढली, याचे नवल ते किती करावे? नेता मारला गेला, राजधानी पडली, खजिना गेला आणि नवा राजा शेकडो मैल दूर निघून गेला, तेव्हाही माणसे का लढत राहिली, हा प्रश्न अधिक अवघड आहे. म्हणून आज जिंजीविषयी.

प्रथम परिस्थिती पाहू. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले. ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. रायगडाला इतिकादखानाचा वेढा पडला. हाच पुढे जुल्फिकारखान म्हणून ओळखला गेला. गडावर महाराणी येसूबाई, सात वर्षेही पूर्ण न झालेले बाळ शाहू आणि नुकतेच मंचकारोहण झालेले राजाराम महाराज होते. राजाराम महाराजांचे वय तेव्हा एकोणीस. हा धागा वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे वय साधारण तेवढेच असेल.

सगळे एकाच गडावर सापडले तर सारेच संपेल, हे ओळखून राजाराम महाराजांनी बाहेर पडावे आणि आपण पुत्रासह गडावर राहावे, असा निर्णय येसूबाईंनी घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला. शाहू महाराज सुटले ते १७०७ मध्ये, आणि येसूबाई परतल्या त्या १७१९ मध्ये. तीस वर्षांची कैद! नेतृत्वावरील व्याख्यानांत हे नाव मी क्वचितच ऐकतो. संकटकाळी सर्वांत मोठा वाटा ज्याने उचलला, त्याच्या हाती बहुधा सेनाही नसते आणि शिक्काही नसतो.

राजाराम महाराज प्रतापगडमार्गे पन्हाळ्यास आणि सप्टेंबरअखेर तेथून वेष पालटून दक्षिणेकडे निघाले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी आश्रय दिला, त्याची झळही सोसली. नोव्हेंबरात महाराज जिंजीस पोहोचले. हा प्रवास चित्तथरारक आहे, त्यावर स्वतंत्र धागा होईल. बादशाही छावणीतील सोन्याच्या कळसांची गोष्टही आज सांगणार नाही. ती तुम्हां सर्वांना पाठ आहे.

मला महत्त्वाची वाटते ती निघण्यापूर्वी लावलेली व्यवस्था. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे सोपवला गेला. ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि जवळजवळ राजाइतके अधिकार त्यांना मिळाले. जोडीला शंकराजी नारायण होते. प्रल्हाद निराजी महाराजांसोबत जिंजीस गेले आणि त्यांच्यासाठी प्रतिनिधी हे नवे पद निर्माण झाले. पन्हाळ्यावरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जिंजीहून यायचे म्हणजे आठवडेच्या आठवडे जाणार, आणि तोवर गड हातचा जाणार. तेव्हा अधिकार द्यायचा तर पुरता द्यावा लागतो. ‘निर्णय तुम्ही घ्या, मात्र आधी मला विचारा’ ही आजच्या कार्यालयांची आवडती रीत तेथे एक महिनाही टिकली नसती.

दुसरी गोष्ट पत्रांची. कारीच्या बाजी सर्जेराव जेध्यांना जिंजीहून १६९० मध्ये पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. आपण कर्नाटकात सुखरूप पोहोचलो, फौज जमते आहे, बादशहाकडे गेलेली माणसे परत येत आहेत, असा त्याचा आशय. आकडे उत्साहाने दिलेले आहेत, हे मान्य. पण मावळातील एका देशमुखाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. राजा जिवंत आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हते. अशा वेळी राजमुद्रेचा कागद हाती पडणे, हीच अर्धी लढाई.

आता वचनांकडे येतो. जून १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना सहा लक्ष होन देण्याचे लिहून दिले. ही रक्कम एकदम द्यायची नव्हती. रायगड प्रांत घेतल्यावर ६२,५००. विजापूर घेतल्यावर तेवढेच. भागानगर, औरंगाबाद यांसाठीही तेवढेच. आणि उरलेले साडेतीन लक्ष दिल्ली घेतल्यावर.

दिल्ली! रायगड शत्रूच्या ताब्यात होता, जुल्फिकारखान जिंजीला वेढा घालून बसला होता, आणि बक्षिसाचा सर्वांत मोठा हप्ता दिल्लीवर ठेवला होता. कुणी याला वेडे धाडस म्हणेल. मला मात्र या कागदात हिशेबी डोके दिसते. पहिला टप्पा रायगडाचा, म्हणजे ओळखीचा, मनाला झोंबणारा. पुढचे टप्पे एकेका पायरीने दूर जाणारे. शिवाय जे जिंकाल त्यातूनच द्यायचे असल्याने रिकाम्या खजिन्यावर आज ताण नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा कागद वाचणाऱ्याला बचाव करायला सांगत नाही. जे गेले ते राखू कसे, या प्रश्नात अडकलेल्या माणसांना तो थेट चालून जायला सांगतो.

होनांपेक्षाही मोठे वचन जमिनीचे होते. शिवाजी महाराजांनी सैनिकांना शक्यतो रोख वेतन दिले, नव्या वतनांना आळा घातला. १६८९ नंतर रोख आणायची कोठून? तिकडे औरंगजेब मराठा सरदारांना वतने आणि मनसबी देऊन फोडत होता. मग इकडूनही वतने द्यावीच लागली. जो मुलूख सोडवाल तो तुमच्याकडे, असा व्यवहार सुरू झाला. त्याने माणसे थांबली, गेलेली परत आली आणि स्वतःच्या हिमतीवर फौजा उभ्या करणारे सरदार तयार झाले. औरंगजेबाला एक राजधानी घेऊन युद्ध संपवता येईना, याचे मोठे कारण हेच आहे.

‘राजाराम महाराजांनी शिवछत्रपतींचे धोरण मोडले’ असे पुष्कळदा लिहिले जाते. मला हा आरोप घरबसल्या केलेला वाटतो. त्या क्षणी दुसरा मार्ग कोणता होता, हे आरोप करणाऱ्याने सांगावे. मात्र किंमत मोजावी लागली, हेही तितकेच खरे. अडचणीच्या काळात दिलेली सवलत बरे दिवस आल्यावर परत घेता येत नाही. घेणारा तिला हक्क समजू लागतो. पुढील शतकात सरदारांना मध्यवर्ती सत्तेच्या धाकात ठेवणे अवघड गेले, त्याची मुळे याच वर्षांत आहेत.

आणि ही किंमत सर्वांत आधी ओळखली कोणी? ज्यांच्या हातून ही वतने वाटली गेली त्याच रामचंद्रपंतांनी. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात ते वतनदारांना छोटे छोटे राजेच मानतात, त्यांच्या वाढत्या बळापासून सावध करतात आणि सेवेचे बक्षीस म्हणून जमीन वा वृत्ती कायमची तोडून देऊ नये असे बजावतात. कुणाला हा दुटप्पीपणा वाटेल. मला तो अनुभव वाटतो.

संताजी घोरपडे यांचा विषय टाळला तर हा धागा खोटा ठरेल. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीस कासीमखान आणि जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणास हिंमतखान, असे दोन मोठे मोगली सेनानी त्यांनी दोन-तीन महिन्यांत संपवले. असा सेनापती शिस्तीला अतिशय कठोर होता आणि दरबारात सांभाळायला अवघड. महाराजांशी त्यांचे खटके उडाले, धनाजी जाधवांशी स्पर्धा विकोपाला गेली. १६९६ मध्ये दोन्ही पक्षांत उघड लढाई झाली आणि सेनापतिपद धनाजींकडे गेले. जून १६९७ मध्ये नागोजी माने यांनी संताजींना ठार केले. ज्या दरबाराने दूरच्या देशमुखाला पत्र लिहून जोडून ठेवले, त्याला स्वतःचा सर्वोत्तम सेनानी राखता आला नाही. दोष कोणाचा किती, यावर अभ्यासक भांडत आले आहेत. माझे मत असे की तुटेपर्यंत वाट पाहिली गेली. दोघांची क्षेत्रे आधीच वेगळी करून देण्याइतका मुलूख तेव्हा निश्चित उपलब्ध होता.

१६९८ च्या आरंभी जिंजी पडली. जुल्फिकारखानाला सात वर्षांहून अधिक काळ लागला, आणि राजाराम महाराज तत्पूर्वीच तेथून निसटले होते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. युद्ध थांबले नाही. महाराणी ताराबाईंनी ते पुढे चालवले. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला, तेव्हाही ते चालूच होते.

पुढील भागात आज्ञापत्रातील वतनांचे प्रकरण सविस्तर वाचू. तोवर एक काम करा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वा गावी जुनी वतनाची सनद असेल तर तिची तारीख पाहा. ती १६८९ ते १७०० या काळातील निघाली, तर ती कोणत्या कामगिरीबद्दल दिली होती, एवढे वाचून येथे लिहा. मोडी वाचता येत नसेल तर तसे सांगा. या धाग्यावर मदत करणारे पुष्कळ आहेत.