रविवारची सायकल आणि मराठी मिस्सा

गेल्या वर्षभरात धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पवित्र त्रैक्याविषयीचा नाही, शुद्धिस्थानाविषयीचाही नाही. तो असा आहे : "मास्तर, पोरगा ट्रायथलॉनच्या क्लबात नाव घालतो म्हणतोय. घालू द्यावं का?" विचारणारी कधी आई असते, कधी आजोबा. पोरगा हातचा चालला, ही काळजी आवाजात स्पष्ट ऐकू येते.

आमचे उत्तर : घालू द्या. जमत असेल तर तुम्हीही घाला. आमच्या बेळगावच्या धर्मग्रामातले आम्ही पाच जण, तीन पुरुष आणि दोन बायका, सगळे चाळिशीच्या आसपासचे, शहरातल्या एका हौशी क्लबात वर्षभर जात आहोत. तेव्हा हे उत्तर ऐकीव नाही. मात्र त्याला रविवारचे एक शेपूट आहे आणि खरे बोलायचे आहे ते त्याच्याबद्दलच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. मध्ये घड्याळ थांबत नाही. ओले अंग पुसून बूट चढवायला लागलेला वेळही मोजला जातो. ऑलिंपिकमधले अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे असते. नवख्यांना त्याच्या निम्मे पुरते. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका धावपटू क्लबाने याची सुरुवात केली. आपल्या बाजूला २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर मोठी स्पर्धा झाली, तेव्हापासून चोर्ला घाटाच्या अलीकडेही हे नाव लोकांच्या कानावर पडू लागले. (एक सूचना धर्मशिक्षकांना : त्रैक्याचे उदाहरण म्हणून ट्रायथलॉन वर्गात वापरू नका. एकच माणूस आधी पोहणारा, मग सायकलवाला, मग धावणारा, हे तर सॅबेलियसचे जुने पाखंड झाले. मुले ते फार आवडीने लक्षात ठेवतात.)

पहिला आक्षेप नेहमीचा असतो. शरीराचे एवढे कौतुक कशाला? यावर संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र काढून नववा अध्याय पाहावा. करिंथजवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पाल्याचा मुकुट मिळे. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता. शर्यत, मुष्टियुद्ध, शरीराला लावायची शिस्त, हे सारे त्याच्या पत्रात उगाच आलेले नाही. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचेच ते होते. व्हॅटिकननेही २०१८ साली खेळ आणि ख्रिस्ती जीवन यावर एक स्वतंत्र पत्रक काढले. पुढच्याच वर्षी तिथल्या कर्मचाऱ्यांची, स्विस गार्डांची आणि धर्मगुरूंची धावण्याची संघटना अधिकृतपणे उभी राहिली. शरीराची लाज बाळगणे ही आपली शिकवण कधीच नव्हती. देह धारण करून आलेल्या प्रभूवर आपला विश्वास आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. क्लबात अशा सायकली आहेत की त्यांच्या किमतीत आमच्याकडच्या दोन मुलींची कॉलेजची फी निघेल. पण साधी गिअरची, दुसऱ्या हाताची सायकल पहिली दोन वर्षे पुरते. हेल्मेट मात्र नवे घ्यावे. स्पर्धेत त्याचा पट्टा लावल्याशिवाय सायकल जागेवरून हलवूही देत नाहीत. चाळिशीपुढच्यांनी आधी डॉक्टरला दाखवून घ्यावे. आणि बायकांनी पाण्यात उतरावे का, असे अजून कुजबुजत विचारले जाते. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. आमच्यातल्या दोघी तो घालून उतरतात आणि आम्हा तिघांपेक्षा लवकर बाहेर येतात. यावर अधिक काही लिहावेसे वाटत नाही.

क्लबात गेल्यावर आम्हाला खरे नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. तिथे सर्वांत चांगला पोहणारा एक दूध घालणारा मुलगा आहे. तो गावच्या विहिरीत शिकला. डोके वर ठेवून हात मारायची त्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. सर्वांत महागडी सायकल एका सर्जनची आहे आणि त्यांना पाण्यात तोंड बुडवायची भीती वाटते. रोज पहाटे तो मुलगा त्यांच्या पोटाखाली हात धरून उभा राहतो आणि "सोडा अंग, साहेब, सोडा, पाणी धरतंय तुम्हाला" असे म्हणत राहतो. श्रद्धेवर आम्ही वर्गात पुष्कळ बोललो आहोत. इतक्या कमी शब्दांत कधी जमले नाही.

राकसकोपच्या रस्त्याला सायकली निघाल्या की एक जण मुद्दाम सर्वांत मागे राहतो. शेवटचा माणूस पंक्चर होऊन थांबला तर तो थांबतो. शेवटचा परत आल्याशिवाय कुणी चहा मागवत नाही. आता आपल्याकडे पाहा. शेवटचे गीत संपायच्या आत फाटकाबाहेर स्कूटर सुरू झालेल्या असतात. तीन रविवार एखादी म्हातारी दिसली नाही तर ते कुणाच्या ध्यानात येते? क्लबाला ख्रिस्तसभा म्हणायचा आमचा विचार नाही. पण मागे राहिलेल्यासाठी थांबणे आपल्या माणसांनी तिथे जाऊन पाहावे आणि येताना सोबत आणावे, म्हणून तर आम्ही 'जा' म्हणतो.

आता रविवार. क्लबाची लांब पल्ल्याची सायकल रविवारी पहाटे साडेपाचला निघते आणि नऊला परतते. स्पर्धाही बहुतेक रविवारीच असतात. आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा रविवारी सकाळी सातला, एकच. इंग्रजीतली शनिवारी संध्याकाळीही आहे.

धर्मशास्त्राच्या नियमाने शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, यात शंका नाही. पोरे हे आम्हाला कलम सांगून पटवतात, आणि बरोबरच पटवतात. शिकवले आम्हीच. पण याचा परिणाम असा झाला की सहा महिन्यांत मराठी गायनमंडळातले तीन आवाज गेले. पोरे देवाला सोडून गेलेली नाहीत, मराठीला मात्र सोडून गेली. या सीमेवरच्या गावात आपली प्रार्थनेची भाषा टिकली ती सातच्या त्या मिस्सेत आजी, आई आणि नातू एका बाकावर बसले म्हणून. तो बाक रिकामा झाला तर तो भरून काढायला कुठले कलम येणार नाही.

एरिक लिडेलची गोष्ट पुष्कळांना सिनेमामुळे ठाऊक आहे. तो स्कॉटलंडचा, आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो त्यात धावला नाही आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. प्रवचनात गोष्ट इथे संपते. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांच्या बंदिवासात पडला आणि १९४५ साली त्या छावणीतच वारला. तिथली मुले रविवारी हॉकी खेळताना मारामारीवर येऊ लागली, तेव्हा हाच लिडेल रविवारी पंच म्हणून मैदानात उभा राहिला. पदकासाठी जो रविवार त्याने मोडला नाही, तो मुलांसाठी मोडला. आम्हाला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या आहेत.

म्हणून वर्षातून एकदोनदा स्पर्धा असेल तर शनिवारी मिस्सा करून खुशाल जावे, आम्हीही जाऊ. पण दर रविवारची सरावाची सायकल हे मिस्सा चुकवायचे कारण होऊ शकत नाही, कारण सराव हलवता येतो. तसे कुणी विचारले नव्हते एवढेच. आम्ही पाच जणांनी क्लबाला विचारले. तिथले निम्मे लोक हिंदू, दोन मुसलमान. कुणी नाक मुरडले नाही. महिन्यातले दोन रविवार लांब पल्ला शनिवारी पहाटे घ्यायचे ठरले. उरलेल्या दोन रविवारी आमची तुकडी मिस्सा आटोपून आठला निघते. ऊन लागते, लागू द्या.

फादरांकडे आम्ही दोन मागण्या ठेवल्या आहेत. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळची मिस्सा मराठीत व्हावी. दुसरी मागणी लहान आहे : चर्चच्या मागच्या भिंतीला सायकली लावायला एक लोखंडी दांडा. दुसरी लगेच मान्य झाली. पहिलीसाठी किती जण येतील ते फादरांना आकड्यात हवे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी या रविवारी सातच्या मिस्सेनंतर गायनमंडळाच्या बाकाजवळ नाव द्यावे. सायकलने येणार असाल तर प्रभुभोजनाआधीचा एक तासाचा उपवास ध्यानात ठेवून केळे नंतर खावे, पाणी चालते.