बाटलीला गिऱ्हाईक आहे, पाकिटाला नाही



'समुद्रातल्या प्लास्टिकपासून कापड' अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. फेब्रुवारी २०२३मध्ये पंतप्रधान प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या धाग्याचे जाकीट घालून संसदेत आले, तेव्हापासून आमच्या यंत्रमागाच्या भिवंडीतही या सुताची चर्चा होते. सूत बरे असेल तर आम्ही ते विणूच. पण त्याने समुद्र स्वच्छ होतो, हे काही पटत नाही.

मुळात कारखान्याला स्वच्छ बाटली लागते. टोपण-लेबल काढायचे, रंग निवडायचे, चुरा करून धुवायचा, वितळवायचा, मग तंतू ओढायचा. समुद्रात गेलेले प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते, त्यात मीठ आणि रेती शिरते. शिवाय बाटलीचे प्लास्टिक पाण्याहून जड. टोपण निघाले की ती तळाला जाते. म्हणून 'समुद्राकडे निघालेले प्लास्टिक' अशी सोयीची व्याख्या निघाली आहे: किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आतला बेवारस कचरा. या हिशेबाने अख्खी भिवंडी किनाऱ्यावरच वसली म्हणायची!

आता इथल्या कामवारी नदीच्या काठाने जरा चालून बघा. अख्खी बाटली क्वचितच दिसेल, कारण कचरावेचक ती आधीच उचलतात. भंगारवाला तिचे पैसे देतो. पडून राहतात त्या पातळ पिशव्या, वेफरची पाकिटे आणि राज्यात २०१२पासून बंदी असलेल्या गुटख्याच्या पुड्या. पाकिटात प्लास्टिकच्या थराला चंदेरी थर चिकटवलेला असतो. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला कोणी हात लावत नाही. पहिल्या मोठ्या पावसात हे सारे खाडीत आणि तिथून समुद्रात. मुंबईतला वर्सोव्याचा किनारा अफरोज शाह आणि नागरिकांनी २०१५पासून हातांनी उपसला, त्याचे जगभर कौतुक झाले. तरी दर पावसाळ्यात भरती नवा कचरा आणून टाकतेच.

म्हणजे ज्या मालाला आधीच गिऱ्हाईक आहे, त्याचाच गवगवा चालला आहे. बिनभावाच्या मालाचे काय? मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी अशा टाकाऊ प्लास्टिकचा चुरा तापलेल्या खडीवर पसरून डांबरी रस्ते करून दाखवले. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिवंडीच्या रस्त्यांना डांबराची गरज नाही, असे निदान इथे राहणारा तरी म्हणणार नाही.

पाकिटे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी केंद्राच्या नियमांनी टाकलेलीच आहे. तेव्हा भिवंडी-निजामपूर महापालिकेने त्या कंपन्यांच्या पैशातून पाकिटे-पिशव्यांना किलोमागे दर ठरवून द्यावा आणि तो थेट वेचकांच्या हाती पडेल, असे पाहावे. कामवारीला मिळणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या बसवाव्यात आणि हे काम पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, दिवाळीनंतर लगेच सुरू करावे.

— एक यंत्रमागधारक, भिवंडी