सामन्याचे चित्रण आणि शाहिराचा हक्क

गौरी-गणपतीचे दिवस आले, की महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून जाखडीच्या ढोलकीचा आवाज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो, मुंबईहून आलेले चाकरमानी पायांत चाळ बांधून रिंगणात उतरतात, आणि ज्या गावाची थोडीबहुत ऐपत असते ते गाव शक्तीवाल्यांचा एक व तुरेवाल्यांचा एक असे दोन शाहीर बोलावून त्यांचा जंगी सामना ठेवते. एकाने प्रकृतीचे श्रेष्ठत्व मांडावे, दुसऱ्याने पुरुषतत्त्वाचे. एकाने पुराणातला एखादा कूट प्रश्न घालावा आणि दुसऱ्याने त्याच रात्री, त्याच मंडपात, शेकडो श्रोत्यांच्या साक्षीने त्याचे उत्तर पद्यात बांधून द्यावे, असा हा वाद कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गण आणि गवळण होईपर्यंत श्रोते मोकळेपणी बसलेले असतात. पण सवाल पडला, की मंडपातली कुजबुज थांबते आणि ज्यांना शास्त्रपुराणाचा फारसा परिचय नाही अशी माणसेही शाहिराच्या तोंडाकडे एकटक पाहू लागतात.

अलीकडे नेमक्या ह्याच क्षणी पुढच्या चार रांगांतून मोबाईल वर होतात. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांना शाहिराऐवजी उंचावलेले हात आणि उजळलेले छोटे पडदे दिसतात. कोणी मोबाईलचा दिवा लावून त्याचा झोत सरळ शाहिराच्या डोळ्यांवर सोडतो. आणि एखादा उत्साही तरुण तर रंगमंचाच्या फळीवर चढून ढोलकीवाल्याच्या खांद्याशी जाऊन उभा राहतो. जो मनुष्य त्या घटकेला शब्द शोधीत आहे, ज्याला प्रतिपक्षाच्या प्रश्नाला उत्तर सापडले आहे पण यमक अजून सापडलेले नाही, त्याची एकाग्रता अशा वेळी किती नाजूक असते, ह्याची कल्पना ज्याने आयुष्यात चार ओळी तरी जुळवल्या आहेत त्याला सहज येईल. शाहीर काही बोलत नाही. गावाने त्याला मानाने बोलावलेले असते, नारळ-शाल दिलेली असते, आणि पाहुण्याने यजमानाच्या मुलाबाळांना ताकीद द्यावी ही आपल्याकडची रीत नाही. म्हणून तो सोसतो, आणि त्याच्या सोसण्याला आपण त्याची संमती समजतो.

त्या रात्रीची अडचण त्या रात्रीपुरती असती, तर मी एवढे लिहिले नसते. सकाळ होते तोपर्यंत ते गाणे परळ-लालबागपासून विरार-नालासोपाऱ्यापर्यंत पोहोचलेले असते. शाहिराने श्रावणभर जागून बांधलेली नवी चाल, ज्या सवालावर त्याने सगळ्या हंगामाची भिस्त ठेवलेली असते तो सवाल, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात उभ्या राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या खिशात आयताच जाऊन पडतो, आणि ज्या वादाची सगळी रंगत अनपेक्षिततेत आहे त्या वादाचे दोन्ही पक्ष आदल्या दिवशी पाठ करून आलेल्या संवादासारखे बोलू लागतात. जाखडीच्या शाहिराजवळ जमीनजुमला नसतो, ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचे उत्पन्न नसते. नवेपणा हेच त्याचे भांडवल असते, आणि ते आपण त्याला न विचारता वाटून टाकतो.

ह्याहून अधिक लागते ती दुसरीच गोष्ट. आपल्या शाहिरी परंपरेत, मग ती कलगी-तुऱ्याची, म्हणजे ह्याच शक्ती-तुऱ्याची असो की वीस मार्चला चवदार तळ्यावर जमणाऱ्या जनसागरापुढे गायिल्या जाणाऱ्या भीमगीतांची असो, कवीचे नाव बहुधा शेवटच्या कडव्यात येते. छापखाना, करारपत्र किंवा नोंदणी ह्यांपैकी काहीच ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्या कवींनी आपल्या मालकीचा दाखला गाण्याच्या अंगातच गोवून ठेवला. पण मोबाईलवर फिरणारा तुकडा अर्ध्या मिनिटाचा असतो, आणि तो नेहमी ध्रुपदाचा किंवा एखाद्या टाळीच्या ओळीचा असतो. शेवटचे कडवे त्यात कधीच नसते. म्हणजे जे नाव अनेक गायकांच्या मुखांतून आणि अनेक दशकांतून सुखरूप चालत आले, ते ह्या तुकड्यात पहिल्याच दिवशी गळून पडते, आणि पुढे कोणी ते गाणे ‘पारंपरिक’ म्हणून गाऊ लागला तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

पोलादपूर तालुक्यात वारकरी संप्रदायाची मुळे खोल गेलेली आहेत. वर्षभर कोठे ना कोठे अखंड हरिनाम सप्ताह चालू असतो आणि पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत गावाचा दिनक्रम विण्याभोवती फिरतो. तेथेही आता कीर्तनकार आणि टाळकरी ह्यांच्या मधोमध मोबाईलचे तिकाटणे उभे राहते. कीर्तन हे दोन तासांचे निरूपण असते. अभंग, त्याचे विवरण, दृष्टांत, थोडा विनोद, आणि मग पुन्हा अभंगाकडे वळून सिद्धांत, असा त्याचा घाट असतो. चित्रफीत त्यातला विनोद उचलते आणि सिद्धांत मंडपातच सोडून देते. निवृत्ती महाराज इंदुरीकर ह्यांच्या कीर्तनातील एका विधानावरून २०२० साली महाराष्ट्रभर वाद उठला, तेव्हा ते विधान लोकांपर्यंत गेले होते ते चित्रफितीच्याच वाटेने. आणि पुढे आपल्या कीर्तनांच्या चित्रणावर पैसे मिळवणाऱ्यांविषयीचा संताप त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. त्या विधानाचे समर्थन मी करणार नाही, आणि त्या संतापाची भाषाही मला पटलेली नाही; तथापि ज्याचे बोलणे आहे त्याला न विचारता ते विकणे गैर आहे, एवढी त्यांची कैफियत मात्र मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

तर मग सरसकट बंदीचा हुकूम काढावा काय? माझे मन त्याला तयार होत नाही, आणि त्याचे कारण आपल्या संगीताच्या इतिहासातच आहे. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. ध्वनिमुद्रणाचे तंत्र भारतात १९०२ सालीच येऊन पोहोचले होते, पण खाँसाहेबांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. भास्करबुवा बखले ह्यांच्या गाण्याविषयी आपण इतके वाचले आहे, त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव आपण ऐकले आहेत. खुद्द बुवांचा स्वर मात्र १९२२ साली त्यांच्याबरोबरच गेला. केसरबाई केरकर आपले गाणे नभोवाणीवरून जाऊ देण्यास राजी नसत. त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, आणि त्याच वर्षी बाईंचे निधन झाले. त्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नसत्या तर आज त्यांच्या बाबतीतही आपल्या हाती केवळ आख्यायिका उरली असती. अन्नपूर्णादेवींचे सुरबहार आज जे थोडेफार ऐकायला मिळते, ते कोणीतरी खाजगीरीत्या केलेल्या मुद्रणामुळे; त्यांची अनुमती त्याला नव्हती हे ठाऊक असूनही तो वादनाचा अंश ऐकताना नोंद करणाऱ्याला दोष देणे मला जमत नाही, आणि दोष नाही असे म्हणणेही जमत नाही. सत्यशील देशपांडे ह्यांनी मुंबईत संवाद फाउंडेशनच्या द्वारे घराण्याघराण्यांतल्या गवयांचे ध्वनिमुद्रण केले, ते कलावंताला समोर बसवून, त्याला हेतू सांगून. तो संग्रह आज अभ्यासकांना आधार वाटतो, ह्याचे अर्धे श्रेय त्या रीतीला आहे असे मी मानतो.

आणि ह्या रीतीसाठी आम्हां महाडकरांना दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याच तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. सांगणाऱ्याला ठाऊक होते की आपले बोलणे टिपले जात आहे. टिपणारा त्याने स्वतः नेमलेला होता. आणि लिहिलेला मजकूर सांगणाऱ्याच्या नजरेखालून गेला होता, कारण डोमगावच्या मठातील प्रतीत समर्थांच्या हातच्या दुरुस्त्या असल्याचे मानले जाते व ती प्रत आधाराला घेऊनच शंकर श्रीकृष्ण देवांनी दासबोधाची आवृत्ती काढली. इकडे पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे शिवभारत हे शिवचरित्रपर काव्य शतकानुशतके नजरेआड होते. तंजावरास त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ साली ते प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला ते वाचता आले. कोणा एका लेखनिकाने कवीच्या नावासकट ते उतरवून ठेवले म्हणून एवढे तरी हाती लागले. नोंद करणे हे पुण्यकर्म आहे, ही श्रद्धा ह्या मातीतच आहे. माझे म्हणणे इतकेच, की ती नोंद कोणाची, कोणाच्या अनुमतीने आणि किती अखंड, ह्यावर तिचे पुण्य अवलंबून असते.

कायद्याने ह्या बाबतीत जेवढे केले आहे ते आपल्या खेड्यापाड्यांतून फारसे कोणाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोगकर्त्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला, आणि ‘प्रयोगकर्ता’ ह्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक ह्यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा मनुष्यही आला. तेव्हा आमचे शाहीर आणि कीर्तनकार त्या व्याख्येबाहेर नाहीत. प्रयोग झाल्यापासून पन्नास वर्षे हा हक्क चालतो. शाहिराने रचलेल्या कवनावर त्याचा कवी म्हणून असलेला हक्क वेगळाच. तो त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. श्रोत्याने केवळ स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला कायदा मुभा देतो. परंतु ते जगजाहीर करणे ही त्या मुभेच्या पलीकडची गोष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याला आपले नाव जोडले जाण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशा विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार दिला. मात्र वेळेच्या मर्यादेत बसवण्यासाठी केलेली काटछाट तेवढ्याने लौकिकास बाधक ठरत नाही, असेही त्याच कायद्यात आहे. शेवटच्या कडव्यात नाव ठेवणाऱ्या परंपरेची ही नेमकी दुखरी जागा आहे, आणि कायदा जेथे थांबतो तेथून पुढे श्रोत्याची सभ्यता सुरू झाली पाहिजे.

शिवाय पोलादपूरच्या वाडीतला शाहीर दिवाणीत फिर्याद घेऊन जाणार नाही, हे आपण सर्व जाणतो. पोलंडचे विख्यात पियानोवादक क्रिस्तियान झिमरमन ह्यांनी २०१३ साली जर्मनीतल्या एका मैफलीत श्रोता चित्रण करताना दिसताच वादन थांबवले आणि ते उठून गेले. अभिनेते सुबोध भावे ह्यांनी २०१९ साली नाट्यगृहांतल्या मोबाईलच्या उपद्रवाला कंटाळून नाटकात काम न करण्याचा इशारा दिला, आणि महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. ज्याच्या मागे कीर्ती उभी आहे त्याला असे उठून जाता येते. हंगामातल्या पाच-सहा सामन्यांच्या बिदागीवर ज्याचा हिशेब बसतो, त्याला ते परवडत नाही. म्हणून त्याचा सन्मान राखण्याची जबाबदारी आपली अधिक आहे. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड ह्या वाद्यवृंदाने तर १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या रसिकांसाठी प्रेक्षागारात वेगळी जागाच नेमून दिली होती. कलावंताने स्वखुशीने दिलेली ती मुभा होती, आणि ज्यांना केवळ ऐकायचे होते त्यांच्या डोळ्यांसमोर यंत्रे येत नव्हती.

महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याचा प्रकार मात्र मी ह्यातून वगळतो. महाशिवरात्रीनंतरच्या त्या रात्री विन्हेऱ्याची झोलाई येते, सासणकाठ्या नाचतात, खालूबाजा घुमतो, आणि तो सोहळा कोणा एकाचा नसून सगळ्या पंचक्रोशीचा असतो. त्याचे चित्रण आबालवृद्धांनी करावे, फक्त सासणकाठी नाचवणाऱ्याच्या वाटेत उभे राहू नये. तेथे अनुमतीचा प्रश्न नाही, अंतराचा आहे.

जुलै २०२१ च्या महापुराने महाडच्या घराघरांत पाणी भरले, त्या वेळी कित्येकांच्या आयुष्यभराच्या वह्या, कागदपत्रे आणि छायाचित्रे चिखलात गेली. शाहिरांच्या कवनांची वही ही बहुधा एकच असते, आणि तिची नक्कल कोणाजवळ नसते. म्हणूनच आजारपणाने अंथरुणाला खिळलेल्या आईला गावचा सामना ऐकवण्यासाठी मोबाईल धरणाऱ्या मुलाचा, किंवा रजा न मिळाल्यामुळे मुंबईत अडकलेल्या भावासाठी गवळण पाठवणाऱ्या बहिणीचा मला राग येत नाही. त्यांच्या हातातले हे यंत्र आमच्या लोककलेचे दप्तर होऊ शकते, आणि व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्यासाठी उत्सव मंडळांना माझी विनंती आहे. येत्या गणपतीत सामन्याची हस्तपत्रिका छापताना दोन्ही शाहिरांना आधी विचारावे, आणि चित्रणास त्यांची अनुमती आहे की नाही, असल्यास कोणत्या भागाला, हे त्यांच्या नावांखालीच छापून टाकावे. चित्रण करायचे ते मंडळाने नेमलेल्या एकाच माणसाने मंडपाच्या कडेला उभे राहून, दिवा न लावता, गणापासून शेवटच्या कडव्यापर्यंत अखंड करावे; त्यावर शाहिराचे, ढोलकीवाल्याचे आणि गावाचे नाव व तारीख घालावी; हंगाम संपेपर्यंत ते बाहेर देऊ नये; आणि त्याची पहिली प्रत, दुसऱ्या दिवशी सकाळी बिदागीच्या पाकिटाबरोबरच, शाहिराच्या हाती द्यावी.