पुडी आणायला कोण पाठवतं?

‘संगतीनं बिघडला हो!’ जळगावच्या मेहरूणपासून धुळ्याच्या देवपुरापर्यंत पोरांच्या व्यसनावरची चर्चा याच वाक्यावर येऊन मिटते. संगतीचा वाटा असतोच. पण या निदानात एक सोय आहे: दोष कायम शेजारच्या पोरात सापडतो, आपल्या ओट्यावर कधीच नाही.

आपल्या ओट्यावर काय चालतं? आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हातात नोट ठेवून बाप म्हणतो, ‘जाय रे, पुडी लई ये.’ टपरीवाला काही न विचारता पुडी देतो, सुट्ट्या पैशांऐवजी पोराच्या हातावर चॉकलेट ठेवतो. मग तंबाखू-चुना मळणं, वर दोन थापा, ओठाखाली चिमूट. पोरगं रोज पाहतं. २०१९च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे निघाले, आणि तंबाखू चघळणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्यांची सुरुवात दहाव्या वाढदिवसाआधीची होती. त्या वयात कुठली आली संगत?

‘आम्हीही लहानपणापासून खातो, काय झालं?’ ज्यांचं झालं, ते हा प्रश्न विचारायला पारावर येत नाहीत. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून सुरुवात जितकी लवकर, तितका पुढे व्यसनाचा विकार जडण्याचा धोका जास्त.

‘घराण्यातच आहे ते.’ अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा, हे खरं. उरलेला निम्मा तर आपल्या हातात आहे ना? घरातली मारझोड, अत्याचार, कुणी ओळखलंच नाही असं नैराश्य आणि सुटलेली शाळा, ही त्यातली मोठी कारणं. साक्रीकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल अर्धं वर्ष बुडवून वर्गात परततं, मागे पडतं, मग यायचंच थांबतं. धोका तिथे सुरू होतो.

‘कायदा कडक करा.’ अजून किती? राज्यात गुटखाबंदी २०१२पासून आहे. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे. मुलाला दारू-तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरीही निघते आणि परतताना त्याच टपरीवरून जाते.

मग उपाय काय? आइसलंडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६मध्ये ५ टक्के. तिथे भाषणांवर विसंबले नाहीत. मुलांची संध्याकाळ खेळांनी भरली, आईबापांनी त्यांच्यासाठी वेळ काढला. देश श्रीमंत आहे, मान्य. पण गावात कबड्डीचं मैदान राखायला आणि ‘आज शाळेत काय झालं, भाऊ?’ असं विचारायला तिजोरी लागत नाही.

तेवढंही आज जमत नसेल, तर निदान एक करा. पुडी हवीच असेल, तर स्वतः उठून आणा.