तीन कोपऱ्यांचे इंजिन

"अजून ती गाडी ठेवली आहेस?" असे मला भेटणारा प्रत्येक जण विचारतो. ती म्हणजे माझी १९८७ सालची माझदा आरएक्स-७. न्यू जर्सीत आमच्या घरी तिच्याखेरीज एक शहाणी मोटारही आहे. पण शहाण्यांविषयी लिहिण्यासारखे काय असते?

हिच्या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नाही. फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाच्या कल्पनेतून निघालेल्या या इंजिनात तीन कोपऱ्यांचा रोटर एका लांबट कोठडीत फिरतो. माझ्या गाडीत असे दोन रोटर आहेत. रोटरच्या टोकांवर बारीक पट्ट्या असतात, आणि सारा संसार त्यांच्यावर चालतो. १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट विक्रीला काढण्यापूर्वी केनिची यामामोटो आणि त्यांचे सहकारी याच पट्ट्यांशी झुंजत होते. पट्ट्यांनी कोठडीच्या भिंतीवर काढलेल्या ओरखड्यांना ते सैतानाची नखे म्हणत.

पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडे तेल जाळते. तेव्हा 'गाडी तेल पिते' ही तक्रार नव्हे, ते तिचे जेवण आहे! पातळी मात्र वरचेवर पाहावी. पाण्याच्या उष्णतेचा काटा तर डोळ्यांत तेल घालून पाहावा; एकदा का इंजिन फार तापले, की आतली रबरी कडी जातात आणि पाणी नको तिथे शिरते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या पुतण्याने गाडी दहा हात मागे घेऊन लगेच बंद केली. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते. ते आतच राहून पट्ट्यांवरचे तेल धुऊन नेते. तेल गेले की दाब धरत नाही, दाब नाही म्हणून इंजिन पेटत नाही, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक आणखी पेट्रोल आत जाते. दुसऱ्या दिवशी स्टार्टर नुसताच घरघरला. एका गॅरेजवाल्याने "इंजिन गेले, उघडावे लागेल" असे सांगून जो आकडा उच्चारला, तो ऐकून सौ.ने गाडी विकण्याची भाषा सुरू केली.

"दाब मोजलात?" मी विचारले. मोजला नव्हता.

रोटरला तीन बाजू, म्हणून मापकाचा काटा तीन ठोके देतो. एक पट्टी मोडली, की तिच्या लगतच्या दोन बाजू दुबळ्या होतात. एक ठोका खणखणीत, दोन मेलेले. पेट्रोलने भिजलेल्या इंजिनाचे तिन्ही ठोके सारखेच मंद. हा फरक कळल्यावाचून इंजिन उघडणे म्हणजे नाडी न पाहता पोट फाडणे.

पेट्रोल-पंपाची आणि ठिणगीची वीज तोडली, चारही प्लग काढले, आसपास विस्तव नाही हे पाहिले आणि स्टार्टर थोडाथोडा फिरवून पेट्रोल बाहेर काढले. मग प्रत्येक कोठडीत चमचाभर तेल टाकून मापक लावला. कारखान्याची किमान मर्यादा चौरस सेंटीमीटरला ६ किलोची. दोन्ही रोटरांचे सहाही ठोके तिच्या वर, आणि एकसारखे. तेलाने आकडा थोडा फुगतो हे खरे, पण मोडकी पट्टी तेलाने सांधत नाही.

कोरडे प्लग, भरलेली बॅटरी, आणि तिसऱ्या प्रयत्नाला असा धूर, की शेजारीण दारात आली.

पुतण्याला गाडी अजून देतो. अट एवढीच, की सुरू केली तर काटा जागेवर येईपर्यंत बंद करायची नाही. दहाच हात न्यायची असेल तर ढकलावी, सौ. मदतीला येते.